जुन्या पॉकेट नाईफवरचे ठिपके घासून विकतायत, घेताना टँग नीट बघा

जुने घडीचे चाकू जमवणाऱ्यांसाठी लिहितोय, खास करून जे अमेरिकन स्लिपजॉइंट, म्हणजे लॉक नसलेले, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर पातं उघडं राहणारे चाकू ऑनलाइन घेतात त्यांच्यासाठी. नकली माल खपवण्याचे किस्से आपण सगळ्यांनी ऐकलेत, माझ्यासोबत झालं ते जरा वेगळं होतं. चाकू कंपनीचाच, पाती तीच, मूठ तीच, स्प्रिंग तीच. खोटं होतं फक्त वय, आणि तेही काही जोडून नाही, घासून केलेलं.

आधी थोडी माहिती, ज्यांना माहितीये त्यांनी हा पॅरा सोडा. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही कंपनी, तिच्या चाकूंचं वर्ष टँगवरच्या ठशावरून कळतं. टँग म्हणजे पात्याचा मुळाकडचा, धार नसलेला जाड भाग. 1940 ते 1964 मध्ये नुसतं केस एक्सएक्स, 1965 पासून त्यात यू.एस.ए. आलं, आणि 1970 ला ठशाखाली दहा ठिपके आले. दर वर्षी एक ठिपका कमी करत गेले, म्हणजे 1979 च्या चाकूवर एकच. 1980 ला नावातला एस विजेसारखा वाकडा केला आणि पुन्हा दहापासून सुरुवात. आता गंमत बघा, 1965 ते 69 च्या ठशात आणि सत्तरच्या दशकातल्या ठशात डोळ्यांना दिसणारा मोठा फरक म्हणजे हे ठिपके. ते गेले की चाकू साठच्या दशकात जाऊन बसतो आणि किंमत चढते.

मी घेतला तो 6254, म्हणजे ट्रॅपर. नंबरातला 6 म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती, 54 हा पॅटर्न. दोन्ही लांब पाती एकाच टोकाला, एक क्लिप (टोकदार) आणि एक स्पे (बोथट टोकाचं). विक्रेत्याने लिहिलेलं, 1965 ते 69, न वापरलेला, एका जुन्या कलेक्शनमधला. माणूस बोलायला एकदम गोड आणि माहितगार, ठिपक्यांची सगळी पद्धत त्यानेच मला पुन्हा समजावून सांगितली आणि म्हणाला बघा एकही ठिपका नाही, तुम्हीच तारीख काढा. हे लक्षात ठेवा. खरी माहिती देऊन खोटा माल विकणारा माणूस सगळ्यात डेंजरस, कारण त्याने सांगितलेलं तुम्ही कुठेही तपासा, बरोबरच निघतं.

फोटो भरपूर होते. बंद चाकू, उघडा चाकू, मूठ जवळून, शिल्ड (मुठीवर बसवलेली धातूची छोटी पट्टी) जवळून. टँगचा फोटो होता पण समोरून फ्लॅश मारून काढलेला, त्यात अक्षरं दिसतात, खोली दिसत नाही. तिरप्या उजेडातला मागितला तर म्हणे कॅमेरा बिघडलाय, आणि वर हेही की साइटच्या बाहेर थेट पैसे पाठवलेत तर थोडं कमी करतो. त्याला मी नाही म्हटलं आणि साइटवरूनच पेमेंट केलं, म्हणून तर पुढचं सगळं जमलं.

पार्सल आलं तेव्हा दोन्ही पात्यांच्या मुळाशी घट्ट पिवळं ग्रीस थापलेलं. सोबत चिठ्ठी, की हे गंज धरू नये म्हणून लावलंय, दोन-तीन आठवडे तसंच राहू द्या, लगेच पुसलंत तर कार्बन स्टीलवर डाग पडतील. ऐकायला किती बरोबर वाटतं. पण तेवढ्यात रिटर्नची मुदत संपते हे चिठ्ठीत कसं असणार. आणि जे चाकू हाताळतात त्यांना माहितीये की पातळ तेलाचा हलका हात पुरतो, ग्रीस पुसल्याने कुठलाही डाग पडत नाही. मी त्याच संध्याकाळी पुसलं.

पहिल्यांदा जाणवलं ते अंगठ्याला. ठशावरून नख खाली सरकवलं तर अक्षरांच्या खाली पृष्ठभाग किंचित आत जातो, ताटाच्या मधल्या खळग्यासारखा. मग स्टीलची पट्टी घेतली, तिची कड टँगवर उभी टेकवली आणि मागे टॉर्च धरला. वरच्या भागात पट्टी चिकटून, आणि जिथे ठिपके असायला हवेत नेमकं तिथून उजेडाची बारीक रेघ. भिंगातून तर सगळंच उघडं पडलं. कारखान्यातल्या पॉलिशच्या रेषा पात्यावर एका दिशेने जातात, त्या खळग्यात मात्र गोल गोल फिरलेल्या, आणि यू.एस.ए. ची खालची कड वरच्या कडेपेक्षा उथळ. घासायचं चाक फिरताना अक्षरालाही थोडं चाटून गेलं ना. आणि एका कोपऱ्यात, अगदी कडेला, एका ठिपक्याचा तळ राहून गेलेला. म्हणजे अर्ध्या ठिपक्याएवढी सावली, पण आहे.

अजून एक खूण म्हणजे मेन पातं उघडून डावी-उजवीकडे हलवलं तर थोडं हलतं, दुसरं पातं घट्ट. न वापरलेल्या चाकूत असं का व्हावं? टँगचा धातू कमी झाला की तो आणि लायनर (मुठीच्या आतल्या बाजूची धातूची पट्टी) यांच्यात जागा पडते. नखाने पातं उघडायची जी खाच असते तिच्या कडाही गोल झालेल्या, म्हणजे घासल्याची खूण लपवायला सगळं पातं बफ केलेलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर आधी म्हणाला कारखान्यातच असं यायचं, मग म्हणाला तुम्हीच घासलं असेल, मग उत्तरंच बंद. साइटने पहिल्यांदा तक्रार फेटाळली, वस्तू वर्णनाप्रमाणे आहे म्हणून, कारण त्यांच्या माणसाला फोटोत केस कंपनीचा अस्सल चाकू दिसतोय. दुसऱ्यांदा मी "नकली" हा शब्दच टाळला. फक्त लिहिलं की वस्तूवर छेडछाड केलेली आहे आणि वर्णनात ती सांगितलेली नाही, सोबत पट्टी-टॉर्चचा फोटो आणि ग्रीसवाली चिठ्ठी. पैसे आले, शिपिंग गेलं. तुम्हाला कधी तक्रार करावी लागली तर भाषा अशीच ठेवा, अस्सल की नकली या वादात पडलात की अडकलात.

तसं हे फक्त केसपुरतं नाही. लाग्योल नावाचे चाकू घ्या, ते नाव कुठल्या एका कंपनीचं नाहीच, फ्रान्समधल्या एका गावाचं आहे, त्यामुळे स्प्रिंगवर माशी कोरलेली म्हणजे अस्सल फ्रेंच असं काही नसतं. कोणी 1900 सालचा शेफिल्डचा म्हणून स्टेनलेस पात्याचा चाकू दाखवला तर हसून पुढे जा, शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने ते स्टील केलं तेच 1913 ला. आणि जुन्या कार्बन पात्यावरचा करडा-निळा रंग व्हिनेगरने एका रात्रीत आणता येतो. खरा रंग असमान असतो, धारेकडे वेगळा, खाचेत वेगळा, आणलेला सगळीकडे सारखा. पण हे सगळे प्रकार निदान ओळखीचे तरी झालेत, ठिपके घासायच्या प्रकाराबद्दल फार कमी लोक बोलतात म्हणून एवढं लिहिलं.

घेण्याआधी एकच फोटो हट्टाने मागा. पातं अर्धं उघडं, टँगवर बाजूने तिरपा उजेड, आणि शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद म्हणजे फोटो दुसऱ्याच चाकूचा नाही हे कळतं. देत नसेल तर सोडा, ट्रॅपर कंपनीने ढिगाने बनवलेत, दुसरा मिळतो.

रिटर्नमध्ये तो चाकू त्याच्याकडेच परत गेला, आणि आता दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलाय, वर्णन शब्दन् शब्द तेच. ओळखायचा असेल तर ज्या बाजूला शिल्ड नाही त्या बाजूच्या हाडात मधल्या पिनेपासून स्प्रिंगकडे जाणारी तिरपी बारीक चीर आहे. नव्या जाहिरातीत त्या बाजूचा फोटोच टाकलेला नाही.