दुनळीचा धक्का: मोज्यासारखा चढवायचा पॅड की स्क्रूचा?

वडिलांची बारा बोअरची दुनळी रीतसर परवान्यावर माझ्या नावावर झाली, तेव्हा तिच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाला, मागे नुसती काळी प्लास्टिकची पट्टी होती. पहिल्याच दिवशी पन्नास काडतुसं उडवली आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये वरचा दांडा धरायला उजवा हात उठेना. त्यानंतर दस्त्यामागे लावायच्या रबरी पॅडच्या नादाला लागलो.

बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर हवेची रायफल किंवा .२२ ची छोटी रायफल चालवत असाल, तर हा खर्च करूच नका. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवलं तो ५० मीटर थ्री पोझिशनचा प्रकारही .२२ चाच. तिथे दस्त्यामागची पट्टी सरकवता येते ती पवित्रा जुळावा म्हणून. धक्का असा नसतोच. प्रश्न येतो बारा बोअरला आणि .३१५ किंवा .३०-०६ सारख्या मोठ्या काडतुसाच्या रायफलीला.

पॅड धक्का खातो असं दुकानदार सांगतो, ते अर्धंच खरं. मागे येणारा जोर तेवढाच राहतो. पॅड तो थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतो, म्हणून हाडाला टोचत नाही. जोरच कमी हवा असेल तर काडतूस बदला. ट्रॅप-स्कीटच्या (हवेत फेकलेल्या तबकड्या फोडायच्या खेळांच्या) २४ ग्रॅम छऱ्याच्या काडतुसापेक्षा ३६ ग्रॅमच्या काडतुसाची धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट असते. नाहीतर वजन वाढवा: सव्वातीन किलोच्या बंदुकीत अर्धा किलो घातलं की ही ऊर्जा साधारण १३ टक्क्यांनी उतरते.

मोज्यासारखा चढवायचा रबरी पॅड स्वस्त, लाकडाला हात लावत नाही, नको तेव्हा काढून ठेवता येतो. मी आधी तोच घेतला. खांदा वाचला, पण गाल काळानिळा झाला! कारण साधं आहे. असा पॅड दस्त्याची लांबी सुमारे इंचभर वाढवतो. माझी दुनळी चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेचौदा इंच होती, ती साडेपंधरा झाली. मान ताणली गेली, आणि गाल लाकूड जिथे खाली उतरतं तिथे जेमतेम टेकायला लागला. सैल टेकलेल्या गालावर लाकूड आपटणारच. वर बंदूक झटकन खांद्याला लावताना रबराची कड शर्टात अडकायची ती वेगळीच. मूळ दस्ताच तुम्हाला आखूड पडत असेल, तर मात्र हाच पॅड एका दगडात दोन पक्षी मारतो.

स्क्रूने बसवायच्या पॅडमध्ये हिशेब तुमच्या हातात राहतो. एक इंचाचा पॅड लावायचा तर जुनी पट्टी आणि लाकूड मिळून तेवढंच काढायचं, लांबी जिथल्या तिथे. पॅचमायर, लिंबसेव्हर, किक-ईझ ही नावं जगभर चालतात, आणि पॅड दोन तऱ्हेने मिळतात: ठरावीक मॉडेलला थेट बसणारे, आणि मोठे घेऊन घासून जुळवायचे. जुन्या दुनळीला घासायचाच घ्यावा लागतो. काम कसबी हाताचं आहे, पण बंदूक ओळखीच्या सुताराकडे ठेवून येऊ नका. परवाना तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही. परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच द्या. आणि वडिलोपार्जित अक्रोडाचा दस्ता एकदा कापला की कापला, म्हणून महिनाभर विचार करा. मी दोन महिने केला.

तिसरा मार्ग अंगावर घालायचा पॅड किंवा जाकिटात शिवलेली गादी. एकाच घरात दोघं एक बंदूक वापरत असतील तर बरा. एप्रिलच्या उन्हात पुण्यात जाकीट घालून उभं राहायची तयारी मात्र हवी.

पॅडच्या पृष्ठभागाकडे लोक बघतच नाहीत. ट्रॅपला बंदूक आधीच खांद्याला लावून ठेवता येते, म्हणून खरखरीत, धरून ठेवणारा पॅड चालतो. स्कीटला ती खालून वर आणायची असते; तिथे वरची कड गोल आणि गुळगुळीत हवी. जुने इंग्रज बंदूकवाले लाल रबरावर चामडं चढवत, ते यासाठीच; नुसता थाट नव्हे.

माझं मत स्क्रूच्या पॅडला, पण लांबी मोजल्यावर. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, खांद्याला लावा, आणि नाक व अंगठ्याच्या पेरात किती अंतर उरतं ते दुसऱ्याला बघू द्या. दोन बोटं असेल तर जेवढा पॅड तेवढं लाकूड (पट्टी धरून) काढायचं. एकच बोट असेल तर कापू नका, पातळ चढवायचा पॅड आणा. मोजताना रेंजवर घालता तोच शर्ट घाला. डिसेंबरात स्वेटरवर मोजलेली लांबी मे महिन्यात आखूड भासते.

आणि पॅड बसल्यावर बंदूक त्याच्यावर उभी करून कपाटात ठेवू नका. नळीतलं तेल झिरपत खाली येतं, रबर चिकट होतं. माझ्या पहिल्या पॅडची तीच गत झाली. कपाटाच्या फळीवर त्याचा काळा ठसा अजून आहे.