गाऊट, पेटती कांडी आणि आगाऊ भरलेलं कार्ड

चीनमध्ये नोकरी-धंद्यासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींनी, त्यातही ज्यांचं युरिक अॅसिड वाढलेलं आहे त्यांनी हे जरूर वाचावं. ग्वांगझूमध्ये ते वाढायला निमित्त लागत नाही. शिंपले, कोळंबी, तासन्‌तास उकळलेली मांसाची सूप आणि साहेबांसमोर नाही म्हणता न येणारी बिअर, सगळं एकाच टेबलावर असतं.

मला गाऊट झाला, म्हणजे युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार. पायाचा अंगठा टरारून सुजला, लालभडक झाला. चादर घासली तरी कळ डोक्यात जायची. रिपोर्टमधला आकडा ५४०. आपल्याकडे हाच ९ असा येतो, इकडे एकक वेगळं आहे. पण सोसायटीखालच्या 'यांगशंग', म्हणजे तब्येत राखण्याच्या केंद्रातल्या बाईंनी त्या पाचशे चाळीसचा असा बाऊ केला, की किडनी आजच गेली असं वाटावं.

त्यांचं म्हणणं ऐकायला शास्त्रीय होतं. युरिक अॅसिडचे खडे थंडीत गोठतात म्हणून अंगठाच धरतो, शेक दिला की वितळतात! यातलं अर्धं खरं आहे. गार सांध्यात स्फटिक लवकर धरतात. पण धरलेले स्फटिक वरून शेकून जात नाहीत. रक्तातलं प्रमाण महिनोन्‌महिने ३६० च्या खाली, म्हणजे आपल्या हिशेबात ६ च्या खाली राहिलं, तरच ते विरघळतात.

मग मॉक्सा सुरू झालं. आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची पानं वाळवून, कुटून कापसासारखी करतात आणि कागदात वळून कांडी बनवतात. पेटलेली कांडी अंगठ्याजवळ धरली की ठणका दुप्पट. "विष वर येतंय," बाई म्हणाल्या. नंतर पोटरीवर ओला टॉवेल, त्यावर स्पिरिट आणि काडी. निळी ज्योत दिसायला झकास, पण कडेने स्पिरिट ओघळलं तिथे फोड आला.

काही दिवसांनी अंगठा उतरला. खरी मेख इथेच आहे. गाऊटचा झटका बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत आपसूक ओसरतो, आणि हे त्या दुकानाला पक्कं ठाऊक असतं. ठणका थांबला त्याच दिवशी बाईंनी बोटाला सुई टोचून छोट्या यंत्रावर ३७० दाखवले आणि सहा महिन्यांचं कार्ड पुढे केलं. पैसे आगाऊ, ६,८०० युआन.

पुढचा झटका गुडघ्यात आला. सरकारी चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात गेलो तर रक्तातलं युरिक अॅसिड ५३० च्या वर. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाई स्वतः मॉक्सा देतात, पण गुडघा पाहून चिडल्याच. लाल, गरम सांध्याला त्यांच्या शास्त्रातही उष्णतेचाच विकार म्हणतात, तिथे आणखी आग कोण लावतं? त्यांनी बर्फ लावायला सांगितला, कोल्चिसिन हे झटक्यावरचं औषध दिलं, आणि झटका शमल्यावर युरिक अॅसिड उतरवणारी रोजची गोळी.

पैसे मागायला गेल्यावर दुकानाने माझी सही असलेला कागद काढला: 'ही आरोग्यसेवा आहे, उपचार नाही.' चिनी अक्षरांत, बारीक टायपात. अशा केंद्रांना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, म्हणून ही पळवाट. पण 'गाऊट मुळापासून जाईल' असं बाईंनी वीचॅटवर आवाजी निरोपात सांगितलं होतं, आणि तो मी पुसला नव्हता. १२३१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करून तो निरोप आणि पैसे भरल्याची नोंद दिली. न वापरलेल्या भेटींचे पैसे परत मिळाले, बाकीचे बुडाले.

त्याच दारावर आता गुडघेदुखीचा बोर्ड आहे.