एनएसआर की सीबीआर? जुनी अडीचशे घेताना

जपानात नोकरीला आलेल्या आपल्या मुलांपैकी ज्याला गाड्यांचं वेड असतं, तो वर्ष-दीड वर्षात या प्रश्नापाशी येऊन थांबतोच. लायसन्सचं काम झालेलं असतं, चार पैसे गाठीला असतात आणि मनात १९९० च्या आसपासची स्पोर्ट बाइक असते. चारशे सीसी नको, कारण अडीचशेपर्यंत 'शाकेन'ची, म्हणजे ठरावीक वर्षांनी होणाऱ्या सरकारी तपासणीची भानगड नाही. मग बहुतेकांच्या यादीत शेवटी दोन नावं उरतात आणि दोन्ही होंडाचीच: एनएसआर २५० आर (एमसी २१) आणि सीबीआर २५० आरआर (एमसी २२). कंसातली खूण म्हणजे होंडाचा मॉडेल-कोड.

दोन्ही १९९० च्या. दोन्हींची ताकद ४५ पीएस (म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर), कारण जपानी कंपन्यांनी तेव्हा आपसांत ठरवून घेतलेली मर्यादाच तेवढी होती. एनएसआर टू-स्ट्रोक व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्हीसारखे लावलेले दोन सिलिंडर; सीबीआर चार सिलिंडरची फोर-स्ट्रोक. मी आधी सीबीआर घेतली, दोन वर्षं चालवली आणि मग एनएसआरकडे आलो. तरी सीबीआरबद्दल वाईट बोलणं माझ्याच्यानं होणार नाही.

तिचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवायला चेन नाही, गिअर आहेत. त्यामुळे इंजिनातून सतत एक बारीक शीळ येत राहते. पूर्ण ताकद १५,००० आरपीएमला, आणि लाल रेघ त्याच्याही बरीच पुढे, १९,००० च्या घरात. इवलेसे चार पिस्टन, स्ट्रोक जेमतेम ३३.८ मिलिमीटर, म्हणून ते एवढं फिरू शकतात. शहरात ती शहाण्यासारखी वागते. बटण दाबलं की सुरू होते, धूर नाही, पुढच्या दोन डिस्कमुळे ब्रेक नेमके लागतात. अडचण फक्त चढाला येते. टोकियोजवळच्या ओकुतामाच्या घाटात वळणातून बाहेर पडताना काटा आठ हजारांच्या खाली असेल, तर पिळा कितीही ॲक्सिलरेटर, गाडी विचार करत बसते. दोन गिअर उतरवायचे, मग ती धावते. काहींना हेच आवडतं, आणि ते मला समजतं.

एनएसआरचं तसं नाही. कागदावर टॉर्क ३.७ किलोग्रॅम-मीटर, सीबीआरचा २.५. पण आकड्यांपेक्षा मला पसरणीचा घाट आठवतो. वाईहून पाचगणीला दादाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० वर मागे बसून जायचो. एका ठरावीक वेगाला इंजिनाचा सूर बदलायचा आणि दादाची कंबर घट्ट धरावी लागायची. एनएसआरमध्ये तोच क्षण कैक पटींनी मोठा होऊन येतो. आरसी व्हॉल्व्ह वेगाप्रमाणे एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या वाटेची, उंची बदलतो, त्यामुळे खालच्या गतीलाही ती अगदीच मरगळलेली नसते. पण काटा वर चढला की खरी गंमत. सुरू करायची तीही किक मारून. उतारावर मात्र सांभाळा. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन गाडीला फारसं धरत नाही, सगळी भिस्त ब्रेकवर. फोर-स्ट्रोकची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस धडकी भरते.

आता माझा निर्णय ज्यावर झाला ते सांगतो. सीबीआरचे चार कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग.

मी टोकियोच्या पश्चिमेला हाचिओजीत राहतो. डिसेंबरच्या शेवटी गाडी झाकली की मार्चपर्यंत काढत नाही. एका दुकानातून सीबीआर घेतली तेव्हा 'कार्ब साफ केलेत' असं सांगितलं होतं. ते कितपत खरं होतं ते पहिल्याच मार्चमध्ये कळलं. गाडी सुरू झाली, पण फायरिंग तीनच सिलिंडरचं. चौथा कुठला, हे शोधायला एक्झॉस्टच्या चारही पाइपांवर पाण्याचे थेंब टाकले. तिघांवर चर्र झालं, एक गप्प. उभ्या गाडीतलं पेट्रोल आटून चिकट होतं आणि त्यानं कार्बमधला केसाएवढं भोक असलेला पायलट जेट, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणारी नळी, बुजतो. साफ करायला पंधरा मिनिटं पुरतात. पण तिथवर पोचायला टाकी उचला, एअरबॉक्स काढा, मग फ्रेमच्या दोन दांड्यांमधून चारही कार्ब एकत्र ओढून काढा. तीस वर्षांत रबरी जोड लाकडासारखे झालेले. परत बसवताना हेअर ड्रायरनं शेकत बसलो. एक रविवार काढण्यात, दुसरा बसवण्यात गेला. वर चौघांचा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, सारखा करून घेणं वेगळंच. पुढच्या मार्चमध्ये सिलिंडर दुसरा, कथा तीच. हा दोष बनवणाऱ्याचा नाही, वयाचा आहे. पण वसंतातले पहिले दोन रविवार, साकुरा, म्हणजे चेरी, फुललेला असताना, गॅरेजमध्ये घालवायचे हे माझ्या जिवाला लागलं.

एनएसआरचे कार्बही व्हीच्या बेचक्यात अडकलेले आहेत, सोपे नाहीत. पण ते दोन आहेत. एका दुपारी काम उरकतं, आणि कुठला सिलिंडर रुसलाय ते कानालाच कळतं.

तिची दुखणी वेगळी आणि ती आली तर महागात पडतात. सगळ्यात मोठं म्हणजे क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, सील. क्लचच्या बाजूचा सील गेला की गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. मग गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. मधला सील बदलायचा तर अख्खा क्रँक उकलावा लागतो. शिवाय टू-टी ऑइल सतत भरत राहा, पेट्रोल जास्त लागतं, मागच्या नंबर प्लेटवर तेलाचे शिंतोडे उडतात. किमतीही सीबीआरपेक्षा बऱ्याच वर गेल्यात. एनएसआरचीच नंतरची एमसी २८ दिसायला अधिक देखणी, एका बाजूनं धरलेलं मागचं चाक वगैरे. पण ती चावीऐवजी कार्डावर चालते आणि तीस वर्षांपूर्वीच्या त्या कार्डावर विसंबून राहण्याची माझी तयारी नव्हती.

तुम्ही दाटीवाटीच्या वस्तीत राहत असाल, पहाटे निघायची सवय असेल, किंवा गाडी बारा महिने चालवणार असाल, तर सीबीआर घ्या. रोज चालणाऱ्या गाडीचे जेट सहसा बुजत नाहीत. महिन्यातून दोनदा घाटात जाणार आणि हिवाळ्यात झाकून ठेवणार असाल, तर मला वाटतं एनएसआर आधी बघावी. बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिनाला पहिली किक स्वतः मारा, दहा मिनिटं चालू ठेवा आणि धूर विरतो का ते बघत थांबा.