रेझिन किटची अंतराळयानं: काही महिन्यांनी काय टिकतं, काय उकलतं

रेझिन किटवरचे, म्हणजे रेझिनचे सुटे भाग जोडून आणि रंगवून मॉडेल बनवायच्या संचांवरचे, बहुतेक अभिप्राय रंग वाळतो न वाळतो तोच लिहिले जातात. तेव्हा सगळीच यानं देखणी दिसतात. खरा कस लागतो तो यान स्टँडवर काही महिने उभं राहिल्यावर, हवामान एकदोनदा पालटल्यावर. हे सगळं सिलिकॉनच्या साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेन किटबद्दल आहे, आणि त्यातही लांब, बारीक दांड्यांवर भरीव इंजिनं बसवलेल्या यानांबद्दल. तक्रारी तिथेच सर्वाधिक येतात.

पहिली तक्रार रंगाचे पोपडे निघण्याची. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: साच्यातून भाग सुटावा म्हणून मारलेला तेलकट थर. तो डोळ्यांना दिसत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण घालून भाग वीसेक मिनिटं बुडवून ठेवावेत, मऊ टूथब्रशने खाचाखाचांतून घासावेत, स्वच्छ धुऊन रात्रभर वाळू द्यावेत. मग लॅकर प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारायचा द्रावकावर आधारित पहिला थर. पाण्यावर आधारित प्रायमरपेक्षा तो रेझिनला घट्ट धरतो. प्रायमर पूर्ण वाळला की खालच्या बाजूला मास्किंग टेप दाबून ओढून बघा. टेपबरोबर रंग आला तर पुन्हा धुण्याला पर्याय नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर: इंजिनं खाली झुकणं. वाकडी आलेली दांडी साधारण 70 अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरून, सपाट काचेवर सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवली की सरळ होते, हे खरं. पण उष्णतेने सरळ झालेलं रेझिन उष्णतेने पुन्हा वाकतंही, आणि टोकाला वजन असेल तर लवकर वाकतं. म्हणून दांडीतून धातूची सळी घालणं मी ऐच्छिक मानत नाही. दांडी किमान 4 मिलिमीटर जाड असेल तर 1.5 मिलिमीटरची पितळी सळी पुरते. भोक 1.6 किंवा 1.7 चं पाडावं, म्हणजे इपॉक्सीला (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाला) जागा राहते. खोली दोन्ही बाजूंना 8 ते 10 मिलिमीटर. दोन्ही भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूच्या केंद्रावर ओल्या रंगाचा ठिपका ठेवून दुसरी बाजू त्यावर टेकवावी. ठसा उमटेल तिथे हाताच्या ड्रिलने सावकाश भोक. पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी इथे टाळा. दोन्ही इंजिनं समोरून, मागून आणि वरून समांतर आहेत का हे बघेपर्यंत ते घट्ट होऊन बसतं. संथ इपॉक्सी, खाली ठोकळ्यांचा आधार, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

सुपरग्लू बारीकसारीक भागांसाठी उत्तम, पण वाळल्यावर तो ठिसूळ असतो. भार पेलणारा सांधा नुसत्या त्याच्यावर सोडला तर एका धक्क्यात सुटतो. प्लास्टिक मॉडेलचं सिमेंट तर इथे निरुपयोगीच, कारण ते पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं आणि या रेझिनवर त्याचा असर होत नाही.

तिसरी गोष्ट हळूहळू दिसू लागते: घासून गुळगुळीत केलेल्या सांध्याची रेघ रंगाखालून वर येते. ट्यूबमधली पुट्टी आतला द्रावक उडून जाईपर्यंत आक्रसत राहते, त्याचा हा परिणाम. दोन भाग मळून करायची इपॉक्सी पुट्टी फारशी आक्रसत नाही. सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर मिसळूनही भराव करता येतो, पण तो अर्ध्या तासात घासायला हवा. उशीर केला तर भराव रेझिनपेक्षा कडक होतो आणि घासताना त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात.

हवेचे बुडबुडे तर लपूनच बसतात. प्रखर दिवा तिरका धरला की पृष्ठभागावर फिकट गोल डाग दिसतो. तिथे वर कागदाइतका पातळ पापुद्रा असतो. तो सुईने मुद्दाम फोडायचा, सुईच्याच टोकाने सुपरग्लूचा थेंब आत सोडायचा, मग ओल्या 400 आणि 800 च्या वॉटर पेपरने घासायचं. तसाच सोडला तर रंगकाम झाल्यावर कधीतरी बोटाखाली खचतो. कोरडं घासू नये. ती धूळ फुफ्फुसांना वाईट, मास्क हवाच.

आत दिवे बसवणार असाल तर 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर तीन पांढरे एलईडी एकामागोमाग एक (सीरीजमध्ये) जोडून आणि 220 ओमचा रेझिस्टर: प्रवाह सुमारे 14 मिलीअँपिअर राहतो, एवढ्यावर एलईडी दीर्घकाळ चालतात. रेझिनची भिंत पातळ असेल तिथून उजेड झिरपतो, म्हणून आतून आधी काळा रंग, वर पांढरा. खिडक्यांसाठी ऑप्टिकल फायबर वापरताना सुपरग्लू नको. फायबर ठिसूळ होऊन भोकाशीच तुटतो. पांढरा पीव्हीए गोंद पुरतो. एखादं झाकण चुंबकावर ठेवा, नाहीतर एक दिवा गेला की यान फोडावं लागतं.

किट निवडताना विक्रेत्याकडे न रंगवलेल्या भागांचे फोटो मागा. कोरीव रेघांमध्ये उंचवटे किंवा खपल्या दिसल्या तर साचा फाटत आलेला आहे, असं किट सवलतीतही घेऊ नये. आणि स्टँडची नळी वजनाच्या मध्यावर, मुख्य ढाच्यात किमान 25 मिलिमीटर आत गेली पाहिजे. वरवरच्या भोकात ती सैल होते आणि भरीव यान पुढच्या बाजूला कलंडतं.