भुसावळच्या साहेबाची ‘इटालियन’ सायकल

धुळे-जळगावकडे जुन्या रेसिंग सायकलींचं वेड असलेल्यांसाठी लिहितोय. माझे ३८,००० रुपये गेले. मला नकली सायकल विकणारा माणूस अजून धंद्यात आहे.

मी शाळामास्तर. सुट्टीच्या दिवशी पहाटे धुळ्याहून लळिंगकडे सायकल मारतो, म्हणून मित्र मला जाणकार समजतात. दुर्दैवाने मीही समजत होतो. मोबाइलवर जाहिरात दिसली: फिकट हिरवट-निळी सायकल, नळीवर ‘बियांकी’. मिलानची ही कंपनी १८८५ पासूनची, आणि तो रंग ही तिची ओळखच. विकणारा ६०,००० सांगत होता. गोष्ट अशी की, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले एक अँग्लो इंडियन साहेब १९६२ साली ऑस्ट्रेलियाला गेले, जाताना ही सायकल त्याच्या आजोबांना देऊन गेले. भुसावळ म्हटलं की अशी गोष्ट लगेच पटते. मला तर साहेबाची हॅटसुद्धा दिसायला लागली!

५,००० यूपीआयने विसार पाठवला आणि बघायला गेलो. त्याने आधी मागचा गिअर दाखवला, कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचा. हा गिअर अस्सल होता, आजही म्हणतो. मग नळीला लोहचुंबक चिकटवून म्हणाला, “बघा सर, प्युअर स्टील.” मी मान डोलावली. अहो, लोहचुंबक विहिरीच्या पाइपालाही चिकटतं! पण तेव्हा सुचलं नाही. घासाघीस करून ३८,००० ला सौदा झाला तेव्हा वाटलं, मीच त्याला फसवलं.

अमळनेरला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. ऑइलिंगला सायकल त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती एका हाताने उचलली, खाली ठेवली आणि काही न बोलता सीटची दांडी काढली. व्हर्नियर लावला, २५.४ मिलिमीटर. त्या काळच्या चांगल्या इटालियन रेसिंग फ्रेममध्ये कोलंबस या इटालियन कंपनीच्या पातळ नळ्या असत, आणि कोलंबस एसएलसारख्या नळीला सहसा २७.२ ची दांडी बसते. नळीची भिंत जाड असली की आतलं भोक लहान राहतं, साधा हिशेब आहे. नाना म्हणाले, “सर, हाऊ ते पानीना पाइप शे.”

मला राग आला, नानांचाच. म्हटलं, अजून बघा. पायडलचा एक्सल बसतो तो शेल मोजला: ६८ मिलिमीटर, आणि उजवीकडची कटोरी उलट्या आट्याची, म्हणजे इंग्लिश पद्धत. इटालियन आटे म्हणजे ७० मिलिमीटर रुंदी आणि दोन्ही बाजूंना सुलटे. बाहेरच्या देशांत विकायला इंग्लिश आट्याच्याही फ्रेम इटलीत बनत, त्यामुळे एवढ्यावर फाशी देता येत नाही. पण नानांनी पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क) सोडवून काढला. कोलंबस एसएलच्या चिमट्याच्या वरच्या दांड्यात आतून पीळदार कंगोरे असतात. त्यांनी माझंच बोट धरून आत घातलं. गुळगुळीत. मागचा एक्सल बसतो त्या खाचेची पट्टी पत्र्यातून कापलेली, तिथे ना नाव ना शिक्का. टायर २७ इंची. शेजारच्या किराण्याच्या काट्यावर वजन १४ किलो. तशी अस्सल गाडी १० च्या आसपास भरते. शेवटी चिमट्याखालचा रंग नखाने खरवडला, तर आत मरून. जुनी देशी दहा गिअरची गाडी, वर नवा रंग, नवे स्टिकर.

खरी चपराक त्या अस्सल गिअरनेच दिली. घरी येऊन रॉकेलने पुसला, तर वर कोरलेलं निघालं: ‘पेटंट ७८’. म्हणजे १९७८. साहेब तर १९६२ लाच बोटीत बसले होते.

गिअरची काय ती किंमत येईल. पण जुन्या सायकलीचा भाव मुळात फ्रेमवर ठरतो, आणि नळीवरच्या नावाने फ्रेम ठरत नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या बाजारासाठी खुद्द बियांकीच्या काही सायकली जपानमध्ये बनल्या, मग स्टिकरचं काय घेऊन बसलात? तक्रारीला गेलो असतो तर दाखवायला होती ५,००० ची नोंद. बाकी रोख, चिठ्ठी नाही. बायको अजून पाहुण्यांना सांगते, “आमच्याकडे इटलीची आहे हो,” आणि चहा आणायला आत जाते.

परवा नंदुरबारच्या एका गटात तीच जाहिरात दिसली. साहेब तोच, ऑस्ट्रेलिया तेच, सायकल मात्र लाल ‘कोल्नागो’, हीही इटालियनच कंपनी. कोल्नागोच्या जुन्या फ्रेमवर पत्त्यातल्या किलवरचं पान कोरलेलं असतं. दुसऱ्या नंबरवरून मी नम्रपणे विचारलं, “दादा, पायडलच्या शेलखालून एक फोटो पाठवता का? आणि सीटची दांडी किती मिलिमीटरची आहे?”

दोन निळ्या खुणा उमटल्या. थोड्या वेळाने त्याचा डीपी दिसेनासा झाला.