ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) कुठे सुरू करायची: सरकारी केंद्र, खासगी सेंटर की घरचा कार्यक्रम?

मूल अठरा महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय चालत नाही. किंवा अडीच वर्षांचे आहे, पण चमचा तोंडापर्यंत नेत नाही, कणकेला हात लागला की रडते, हाक मारली तर वळून बघत नाही. बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘ओटी सुरू करा’ असे लिहून दिले आहे, म्हणजे खाणे, कपडे घालणे, खेळणे अशी रोजची कामे मुलाला स्वतः जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी. आता कुठे जायचे? सरकारी दवाखान्यात मोफत होते असे कोणी सांगते, जवळच एक खासगी सेंटर आहे, आणि घरातले कोणी म्हणते, घरीच करून घेऊ. बहुतेक पालक फी, अंतर आणि खोलीतली साधने यांवरून ठरवतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: तिथे आईवडिलांना आत बसवतात का, आणि घरी काय करायचे ते प्रत्यक्ष करून दाखवतात का?

याचे कारण साध्या हिशेबात आहे. पाऊण तासाची दोन सत्रे धरली तर आठवड्याला दीड तास होतो. दोन-तीन वर्षांचे मूल दिवसाला अकरा-बारा तास जागे असते, म्हणजे आठवड्याला ऐंशीच्या आसपास. त्या दीड तासात शिकलेले या ऐंशी तासांत उतरले नाही, तर सेंटर कितीही चांगले असो, मुलाच्या पदरात फार थोडे पडते.

त्याआधी एक गोष्ट मिटवून टाकू. ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबायचे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार मुले आधाराशिवाय चालायला लागतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान, आणि आधाराशिवाय बसतात ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे मर्यादा बरीच सैल आहे, आणि तीही ओलांडली असेल तर तपासणी व्हायलाच हवी. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल तर दोन वर्षांपर्यंत वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. आलेले शब्द किंवा आलेली हालचाल जाऊ लागली, तर मात्र एक आठवडाही थांबू नका. थेरपी सुरू करायला निदानाचे नाव लागत नाही. बोलणे उशिरा असेल तर कानांची तपासणी आधी करून घ्या, ती राहून गेलेली मुले मी पाहिली आहेत.

सरकारी बाजूला दोन अगदी वेगळ्या जागा आहेत, आणि लोक त्या एकच समजतात. पहिली म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजेच डीईआयसी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. या कार्यक्रमातली फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरज असलेल्या मुलांना या केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट न बघता तुम्ही अंगणवाडी ताईंना किंवा आशा ताईंना सांगून जाऊ शकता. इथली मोठी सोय म्हणजे कान, डोळे, बोलणे, हालचाल, मानसिक विकास हे सगळे एकाच छताखाली आणि मोफत तपासले जाते. अडचण दोन गोष्टींची. केंद्राच्या मंजूर पदांत फिजिओथेरपिस्ट असतो, पण ऑक्युपेशनल थेरपिस्ट प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. पुढच्या तारखाही लांबच्या मिळू शकतात. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारा: ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत का, कोणत्या वारी असतात?

दुसरी जागा वैद्यकीय महाविद्यालयांतले ओटी विभाग. मुंबईत केईएम, नायर आणि सायन, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. भारतातले ओटीचे शिक्षणच केईएममधून सुरू झाले. १९५० मध्ये कमला निंबकरांनी तिथे पहिली शाळा उघडली. या विभागांत गर्दी असते, बसायला बाक पुरत नाहीत, आणि शिकाऊ विद्यार्थी बदलले की मुलाला नवा चेहरा पाहावा लागतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला हे जड जाते, हे खरे. पण वर अनुभवी शिक्षक असतात, शेजारच्या विभागात मेंदूविकारतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर असतात, आणि केस पेपरच्या पैशांत नीट मूल्यमापन होते. ही जागा सोयीच्या अंतरावर असेल तर पहिले मूल्यमापन मी इथेच करून घ्यायला सांगेन.

खासगी सेंटरची जमेची बाजू वेळ आणि सातत्य. संध्याकाळची वेळ मिळते, थेरपिस्ट तोच राहतो, मूल रुळते. शहरात एका सत्राला काही शे रुपयांपासून हजाराच्या पुढेही घेतात. आठवड्यातून दोनदा आणि वर्षभर असा गुणाकार करूनच होकार द्या. कर्ज काढून चार महिने थेरपी आणि मग सगळे बंद, यापेक्षा परवडेल तेवढे पण सलग चाललेले बरे. थेरपिस्टची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. खऱ्या थेरपिस्टला त्यात अपमान वाटत नाही. तीस-चाळीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणारे आणि पालकांना काचेबाहेर बसवणारे सेंटर असेल, तर मी पुढे शोधेन.

झोपाळे, बॉल पूल, रंगीत दिवे पाहून भारावून जाऊ नका. संवेदनांवर काम करणाऱ्या या पद्धतीचा काही मुलांना उपयोग होतो, पण अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितले होते की तिच्या परिणामांचे पुरावे मर्यादित आहेत आणि पालकांना तसे स्पष्ट सांगावे. सेरेब्रल पाल्सीबाबत (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) २०१३ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यात भक्कम ठरल्या त्या वेगळ्याच गोष्टी: ठरावीक कामाचे ध्येय ठेवून केलेला सराव, आणि थेरपिस्टने आखून दिलेला घरचा कार्यक्रम.

घरचा कार्यक्रम म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ बघून काहीतरी करणे नव्हे. चमच्याचेच घ्या. मूल पाय लोंबकळत ठेवून बसले असेल तर त्याची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, म्हणून आधी पायांखाली पाट. चमच्याची दांडी कापड गुंडाळून जाड करायची. वाटी घसरू नये म्हणून खाली ओले फडके. वरणाने सुरुवात करायची नाही, ते सांडते. मऊ भात किंवा घट्ट खीर चमच्याला धरून राहते. आईने मुलाची मूठ धरायची नाही, कोपराला खालून आधार द्यायचा, आणि तो हळूहळू कमी करायचा. चमचा भरून ओठांजवळ आईने आणायचा, शेवटचे दोन इंच मुलाचे. ते जमले की चार इंच. चड्डी घालतानाही तसेच: गुडघ्यांपासून वर आईने आणायची, कमरेवर शेवटचा हिसका मुलाने द्यायचा. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. हे सगळे जेवणाच्या आणि अंघोळीच्या वेळेत बसते, वेगळा तास काढावा लागत नाही.

पण निव्वळ घरच्या भरवशावर कधी राहू नये, हेही ठाम सांगते. गिळताना ठसका लागत असेल, अंग कडक किंवा फारच सैल असेल, फिट येत असतील, तर दर आठवड्याला तज्ज्ञांचा हात लागलाच पाहिजे. आणि घरचा सगळा भार एकट्या आईवर टाकू नका. आजी, बाबा, पाळणाघरातल्या ताई, ज्यांच्या हातून मूल जेवते त्या सगळ्यांना तीच पद्धत माहीत हवी.

मग ठरवायचे कसे? तालुक्याच्या गावी राहत असाल, जिल्ह्याला जायला दोन एसट्या बदलाव्या लागत असतील, तर दर आठवड्याच्या फेऱ्या टिकणार नाहीत. महिन्यातून एकदा डीईआयसी, तिथून लिहून घेतलेला घरचा कार्यक्रम, आणि मधल्या काळात मुलाचा जेवतानाचा छोटा व्हिडिओ थेरपिस्टना पाठवणे, हे चालेल. शहरात असाल आणि दोघेही नोकरी करत असाल, तर घराजवळचे खासगी सेंटर घ्या, पण दोघांपैकी एकाने सत्रात बसायचेच. पैशांची ओढाताण असेल तर महाविद्यालयाचा विभाग, आणि प्रवास झेपेल तेवढीच वारंवारता. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांचे प्रमाणपत्र मिळाले असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेची माहिती घ्या. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो.

कुठेही सुरू केलेत तरी पहिल्याच भेटीत तीन महिन्यांची ध्येये लिहून घ्या. ‘एकाग्रता वाढवणे’ असे नको. ‘चार घास स्वतः खाईल’, ‘चप्पल स्वतः काढेल’ असे हवे. तीन महिन्यांनी कागद समोर ठेवून बसा. काहीच हलले नसेल तर ध्येय किंवा पद्धत बदलायला सांगा, आणि तरीही उत्तर मिळत नसेल तर लेखी अहवाल घेऊन दुसरीकडे जा. अहवाल मागणे हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी संकोच करू नका.