सोलापुरात आधी काय शिकायचं: स्कूटर की गिअरची गाडी?

लायसन्सचं वय झालं की घरात हा वाद हमखास होतो. मी आधी स्कूटर शिकलो, गिअरची गाडी नंतर. आता घरातल्या पोरापोरींना शिकवतोय, आणि क्रम मात्र उलटा ठेवलाय.

स्कूटरच्या बाजूनं बोलायचं तर सायकल येणाऱ्याला ती तासाभरात जमते. नवी पेठ, मधला मारुती भागात दर दहा पावलांवर थांबावं लागतं. तिथे क्लच, म्हणजे इंजिनचा जोर चाकापासून तोडणारी डाव्या हाताची दांडी, नसणं ही मोठी सोय. साडी नेसून चालवायची असेल, पायाशी पिशवी ठेवायची असेल, तर स्कूटरच बरी.

पण नवख्याला तिचं हेच सोपेपण महागात पडतं. घाबरला की माणूस मूठ आवळतो, रेस वाढते आणि गाडी आणखी पळते. गिअरच्या गाडीवर अशा वेळी क्लच दाबला की निदान इंजिनचा जोर तुटतो. इलेक्ट्रिक स्कूटरला तर आवाजच नाही. चालू आहे हे विसरून मूठ पिळली जाते, म्हणून उतरण्याआधी बंद करायची सवय पहिल्याच दिवशी लावा. शिवाय स्कूटरची चाकं साधारण १० ते १२ इंचांची, मोटरसायकलची बहुधा १७-१८. ज्या खड्ड्यात स्कूटरचं चाक आपटतं, तो मोटरसायकल सहज ओलांडते.

मोटरसायकल पहिले चार दिवस रडवते. झटके देते, चौकात बंद पडते. पण हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, तिला मुंगीच्या पावलानं नेता आलं की वेग हातात येतो. रेस सोडली की इंजिनच गाडीला मागे धरतं, हेही तिथेच कळतं.

मला हे उशिरा कळलं. मोटरसायकलवर असताना विजापूर रोडला एक रिक्षा अचानक वळली. स्कूटरच्या सवयीनं मी डावा हात दाबला. तिथे ब्रेक नव्हता, क्लच होता. इंजिननं धरलेली गाडीही मोकळी झाली आणि मी सरळ रिक्षावर गेलो. गुडघ्यावर निभावलं.

म्हणून कोणतीही गाडी घ्या, आधी ब्रेक शिका. सकाळी मोकळ्या मैदानात २० च्या वेगाला दोन्ही ब्रेक एकदम लावा, हँडल सरळ ठेवून. ब्रेक लागताच वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्यानं नाही, हळूहळू दाबायचा. मग ४० ला तेच करा आणि थांबायला लागलेलं अंतर पावलांनी मोजा. दुप्पट नाही, साधारण चौपट भरेल.

विकत घेताना: १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस, त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये एका ब्रेकनं दोन्ही चाकं धरली जातात, पण जोरात दाबलं तर चाक अडकून घसरू शकतं. एबीएस चाक अडकू देत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या धुळीचा आणि तेलाचा चिखल होतो, तेव्हा हा फरक समजतो.

लायसन्सचं गणितही गिअरच्या बाजूनं आहे. गिअरचं लायसन्स असेल तर स्कूटर चालते, बिनगिअरच्या लायसन्सवर मोटरसायकल चालत नाही. शिकाऊ लायसन्स ६ महिने टिकतं, ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणी बसवू नका.

रोजचं जाणं सात रस्ता, पार्क चौक एवढंच असेल तर खुशाल स्कूटर घ्या. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडे जायचं असेल तर आधी गिअरची शिका, आणि पहिले सहा महिने अंधारात त्या रस्त्यांना जाऊ नका, विशेषतः ऊस हंगामात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, ऊस बाहेर लोंबत असतो, मागे दिवा असेलच असं नाही. समोरून गाडी आली की तिच्या उजेडात ट्रॉली दिसतच नाही. अशा वेळी पुढचा रस्ता स्पष्ट दिसेपर्यंत वेग उतरवा, मागचा कितीही हॉर्न वाजवो.